बी नाही, म्हणजे फलनही नाही? तासगावच्या थॉमसन द्राक्षावरून एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या दहावीच्या वर्गातलं आहे. मी तिथे विज्ञान शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी द्राक्षबाग आहे. ज्यांच्या घरी नाही, त्यांचे आईवडील विरळणीला, डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवायला) किंवा हंगामात बेदाण्याच्या शेडवर जातात. फुलोरा कधी येतो, मणी कधी सेट होतो, हे या मुलांना पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असतं.

दिवाळीनंतरच्या चाचणीत ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग 2’ या पाठावर नेहमीचा प्रश्न होता. फरक स्पष्ट करा: परागीभवन आणि फलन. उत्तरं चांगली आली. डाव्या रकान्यात परागकोशातले परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर पोहोचणं, उजव्या रकान्यात नर आणि मादी युग्मकांचा, म्हणजे प्रजनन पेशींचा संयोग. डावीकडे वारा, पाणी, कीटक, उजवीकडे ‘बाह्य माध्यमाची गरज नाही’. डावीकडे ‘आधी घडते’, उजवीकडे ‘नंतर घडते’. बहुतेकांना पूर्ण गुण द्यावे लागले.

पेपर वाटून झाल्यावर मी थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाबद्दल तोंडी विचारलं, “आपल्या थॉमसनच्या घडात यातलं काय काय होतं?”

वर्ग तीन बाजूंना पांगला. सगळ्यात मोठ्या गटाचं उत्तर, दोन्ही होत नाही. बीच नाही तर कशाचं परागीभवन आणि कशाचं फलन? दुसऱ्या गटाचं म्हणणं, परागीभवन होतं पण फलन होत नाही, झालं असतं तर बी दिसली असती. तिसरा गट लहान पण ठाम, बहुतेक बागाईतदारांच्या घरची मुलं. “मॅडम, जीए मारतोय म्हणून मणी धरतोय. जीए न्हाई मारला तर काय सुदिक न्हाई धरायचं.” जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवण्यासाठी घडाला देतात ते संप्रेरक. दोन्ही होतं, असं म्हणणारी एकच मुलगी होती, आणि का ते विचारल्यावर ती गप्प बसली.

उत्तर तिचंच बरोबर होतं. थॉमसन सीडलेसच्या फुलात परागीभवन होतं, फलनही होतं, बी तयार व्हायला सुरुवातसुद्धा होते. पुढे ती वाढ मध्येच थांबते आणि फळ मात्र वाढत राहतं. वनस्पतिशास्त्रात याला स्टेनोस्पर्मोकार्पी म्हणतात.

तक्ता बिनचूक लिहिणारी मुलं स्वतःच्या बागेतल्या घडाबद्दल चुकतात, याचं कारण मुलांच्या आळसात नाही. ते त्या तक्त्याच्या घडणीत आहे. दोन संकल्पना शेजारी-शेजारी मांडून त्यांच्यातला फरक पाठ करता येतो, पण त्या दोघींचं एकमेकींशी नातं काय, हे तक्ता विचारतच नाही. एक दुसरीची पायरी आहे का, एक दुसरीच्या पोटात आहे का, एक दुसरीशिवाय घडू शकते का? हे प्रश्न सुटल्याशिवाय पाठ केलेला फरक पहिल्याच अनोळखी उदाहरणावर कोसळतो.

तर्क बरोबर, गृहीतक कच्चं

दुसऱ्या गटाच्या उत्तराकडे मी जास्त लक्ष दिलं, कारण ते विचार करून दिलेलं होतं. पाठात सांगितलंय की फलनानंतर बीजांडाचं बी होतं आणि अंडाशयाचं फळ. मुलांनी त्यावरून सरळ गणित मांडलं: फलन झालं की बी होते, थॉमसनला बी नाही, म्हणून फलन झालं नाही. या तर्कात काही चूक नाही. गणिताच्या शिक्षकांनीही याला पूर्ण गुण दिले असते. कच्ची आहे ती मुळातली समजूत, की फलन झाल्यावर बी प्रत्येक वेळी शेवटपर्यंत पिकते.

फलन ही एक घटना आहे. परागकण कुक्षीवर रुजतो, त्याची परागनलिका कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांड्यातून खाली उतरते, बीजांडात शिरते आणि दोन नर युग्मकं तिथे सोडते. एक अंडपेशीशी मिळतं, त्यातून युग्मनज. दुसरं दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळतं, त्यातून भ्रूणपोष, म्हणजे पुढे भ्रूणाला पोसणारी ऊती. फलन इथे संपलं. बी पिकणं हे मात्र त्यानंतर आठवडेच्या आठवडे चालणारं वाढीचं काम आहे. भ्रूण वाढायला हवा, भ्रूणपोष टिकायला हवा, बीजावरण कडक व्हायला हवं.

पाठातल्या त्या एका वाक्यात दोन वेगळे प्रवास एकत्र बांधलेले आहेत, बीजांडाचा आणि अंडाशयाचा. आंबा, चिकू, मिरची, वांगं यांत दोन्ही बरोबरीने होतात, त्यामुळे ते वेगळे आहेत हे कधी जाणवतच नाही. थॉमसनमध्ये अंडाशयाचा प्रवास पुरा होतो आणि बीजांडाचा अर्ध्यावर तुटतो. फुलोऱ्यानंतर काही आठवड्यांत भ्रूणपोष खराब व्हायला लागतो, पाठोपाठ भ्रूण थांबतो, बीजावरण मऊच राहतं. खाताना ते दाताला लागत नाही म्हणून आपण ‘बी नाही’ म्हणतो.

म्हणजे चाचणीत ज्याला आम्ही जोडी म्हणत होतो ती खरं तर निदान चार दुव्यांची साखळी होती: परागकण पोहोचणं, परागनलिका उतरणं, फलन, आणि बीची वाढ. तक्त्यात पहिला आणि तिसरा दुवा आला. दुसरा आणि चौथा गळाला. मुलं नेमकी चौथ्या दुव्यापाशी अडखळली, जिथे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

इथे थोडा इतिहास सांगावासा वाटतो, कारण जगालाही ही साखळी सुटी करायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. जर्मनीत रुडॉल्फ कॅमेरारियस यांनी 1694 मध्ये दाखवलं की एरंडाची नर फुलं काढून टाकली तर बी धरत नाही. मक्यावरही त्यांनी तसेच प्रयोग केले. परागकण लागतो, हे तेव्हा कळलं. तो नेमकं काय करतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. 1824 मध्ये इटलीच्या जोव्हानी बातिस्ता आमिची यांना सूक्ष्मदर्शकाखाली परागकणातून निघालेली नळी दिसली, आणि ती दिसली आपल्याकडे बांधावर उगवणाऱ्या घोळीच्या फुलात. सपुष्प वनस्पतींतलं युग्मकांचं मीलन एदुआर्द स्ट्रासबुर्गर यांनी 1884 मध्ये पाहिलं. द्विफलन, म्हणजे वर सांगितलेले दोन्ही संयोग, तर त्याच्याही पुढे, 1898 मध्ये सर्गेई नवाशिन यांनी दाखवलं. दोनशे वर्षांची ही वाट आपण मुलांना दोन ओळींत चालायला लावतो. अडखळली तर नवल नाही.

बांधाकडेची वेल

मी वर्गात थेट उत्तर सांगितलं नाही. नोव्हेंबर संपत आला होता, ऑक्टोबरात फळछाटणी झालेल्या बागा फुलोऱ्यात येत होत्या. एका विद्यार्थ्याच्या घरी बांधाकडेची एक वेल घरच्या खाण्यापुरती, जीए न देता ठेवलेली होती. प्रयोगाला याहून चांगली वेल मिळाली नसती. त्याच्या वडिलांकडे परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, “घ्या की मॅडम. पर पिशव्या लई दिस ठिऊ नका, आत घाम धरला की डाऊनी येती.” डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा केवडा रोग. या सूचनेचा पुढे खरंच उपयोग झाला.

द्राक्षाचं फूल मुलांनी शेकडो वेळा पाहिलेलं असतं, पण उघडून कधीच नाही. ते इतकं लहान आणि हिरवट असतं की फूल वाटतच नाही. त्याच्या पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. फूल उमलतं म्हणजे ही अख्खी टोपी खालून, देठाच्या बाजूने सुटते, पुंकेसर तिला वर ढकलतात आणि ती गळून पडते. आत पाच पुंकेसर आणि मधोमध सुरईच्या आकाराचा स्त्रीकेसर. अंडाशयात दोन कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडं. हे मी मुद्दाम वहीत लिहून घ्यायला लावलं, कारण त्यावरून एक भाकीत करता येतं: बियांच्या द्राक्षात साधारणपणे चारपेक्षा जास्त बिया सापडू नयेत.

वेलीवरच्या घडांचे तीन भाग केले. काही घडांवर उमलण्याआधी नुसती बटर पेपरची पिशवी चढवली, आत काही केलं नाही. दुसऱ्या घडांतल्या निवडक फुलांच्या टोप्या उमलण्याआधीच चिमट्याने काढल्या, पाचही पुंकेसर खुडले, बाकीची फुलं कात्रीने उडवली आणि पिशवी घातली. तिसऱ्या घडांवर हेच सगळं केलं, पण दोन दिवसांनी शेजारच्या घडावरचे परागकण चित्रकलेच्या बारीक ब्रशने कुक्षीवर लावले आणि मग पुन्हा पिशवी. मुलींचे हात या कामात फार स्थिर निघाले. घरी विरळणी केलेली बोटं आहेत ती.

फुलोरा सरल्यावर पिशव्या काढल्या. नुसती पिशवी घातलेल्या घडांत मणी नेहमीसारखे धरले होते. पुंकेसर काढलेल्या आणि पराग न दिलेल्या घडांतली जवळपास सगळी फुलं गळून गेली होती. हाताने पराग दिलेल्या फुलांतली बरीच गळली, पण काही नक्की धरली होती.

या निकालाला मर्यादा आहेत, आणि त्या मी मुलांकडूनच काढून घेतल्या. चिमट्याने फूल दुखावतं, त्यानेही ते गळू शकतं. म्हणूनच तिसरा गट हवा होता. त्यालाही तोच चिमटा लागला होता, तरी काही फुलं टिकली. नेहमीच्या घडातही सगळी फुलं कधीच धरत नाहीत, बरीच आपोआप गळतात, त्यामुळे एकेका फुलावरून काही ठरवता येत नाही, गटांची तुलनाच करावी लागते. एका मुलाने 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस पुराव्यादाखल आणला. फुलोऱ्यात पाऊस लागला की घड गळतात, म्हणजे पराग वाहून जातो, म्हणजे परागीभवन लागतं. विचार चांगला, पण पुरावा स्वच्छ नाही. त्या पावसात डाऊनी होता, कूज होती, ढगाळ हवा होती. घड नक्की कशाने गेला, हे वेगळं काढता येत नाही. पिशवीचा खटाटोप करायचा तो एवढ्यासाठीच, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पहिल्या गटाची, म्हणजे ‘परागीभवनच होत नाही’ म्हणणाऱ्यांची बाजू इथे पडली. जीएवाल्यांचीही, कारण त्या वेलीला जीए मिळालाच नव्हता आणि मणी धरले होते. राहिला दुसरा गट. त्यांचा मुद्दा पिशवीने सुटणारा नव्हता.

ब्लेड आणि भिंग

जानेवारीत मणी फुगल्यावर त्याच वेलीचे काही मणी वर्गात आणले आणि ब्लेडने उभे चिरले. पातळ काप काचपट्टीवर ठेवून भिंगातून पाहिले. मण्याच्या मध्यरेषेला लागून, जिथे बीजांडं असायला हवीत नेमकं तिथे, पांढुरके, मऊ, एका टोकाला निमुळते झालेले कण दिसले. काहींत एक, काहींत दोन-तीन. टाचणीने दाबले की चिरडायचे. शेजारी सांगलीच्या फळबाजारातून आणलेलं मोठं लाल, बियांचं रेड ग्लोब द्राक्ष चिरलं. त्यात कडक तपकिरी बिया, आणि आकार तोच, एका टोकाला निमुळता. चिरलेल्या एकाही मण्यात चारापेक्षा जास्त बिया निघाल्या नाहीत, हेही मुलांनी मोजून पाहिलं.

“मॅडम, ही तर कवळी बीच हाय,” मागच्या बाकावरून आवाज आला.

मला वाटलं होतं, इथे प्रकरण संपेल. पण दुसऱ्या गटातल्या एका मुलाने हात वर केला. केळातही मधे काळे ठिपके असतात, मग केळातही फलन झालेलं असतं का?

या एका प्रश्नाने प्रकरणाला खरी खोली आली. केळ्यात फलन झालेलं नसतं. आपण खातो ती केळी त्रिगुणित आहेत, त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, एकूण 33 गुणसूत्रं. तीन संचांची जोड्यांत वाटणी नीट होत नाही, त्यामुळे धड युग्मकं तयार होत नाहीत. फळ मात्र परागाविना, फलनाविना भरतं. याला पार्थेनोकार्पी म्हणतात. ते काळे ठिपके म्हणजे कधीच फलन न झालेली, सुकलेली बीजांडं. मग थॉमसनमधला पांढरा कण हे फलन झाल्याचं चिन्ह, आणि केळ्यातला काळा ठिपका न झाल्याचं, हे नुसत्या डोळ्यांनी कसं ठरवायचं?

नाही ठरवता येत. ते मी वर्गात स्पष्ट सांगितलं. थॉमसनमधला कण मोठा आहे, त्याला बीचा आकार आला आहे, म्हणजे वाढ सुरू झाली होती, एवढा कयास भिंगावरून बांधता येतो. खात्री दुसरीकडून येते. कॅलिफोर्नियात फ्रेस्नो इथे 1980 च्या दशकात संशोधकांनी बिनबियांच्या द्राक्षांतले हे अर्धवट बीजांश मरण्याआधीच काढून पोषक माध्यमात वाढवले आणि त्यांतल्या भ्रूणांपासून वेली तयार केल्या. भ्रूण वाचवण्याच्या या पद्धतीमुळे आता दोन बिनबियांच्या जातींचा एकमेकींशी संकर करता येतो, आणि त्या संकरातून आलेल्या रोपांत आई आणि बाप दोन्हीकडचे गुण येतात. फलन झालं नसतं तर बापाचे गुण आले कुठून? 2018 मध्ये तर हा बीनाश घडवणारा जनुकातला बदलही सापडला. त्या जनुकाचं नाव व्हीव्हीएजीएल-11, आणि त्याचं काम बीजावरणाच्या घडणीशी जोडलेलं आहे.

त्या मुलाने मान डोलावली. त्याचं समाधान झालं याचा मला फार आनंद झाला, कारण त्याने पहिला पुरावा अपुरा म्हणून परत केला होता.

एक घडतं, दुसरं घडत नाही

केळ्याच्या प्रश्नावरून आम्ही फळ्यावर निराळीच मांडणी केली. परागीभवन आणि फलन यांतली एक गोष्ट घडते आणि दुसरी घडत नाही, अशी उदाहरणं शोधायची. जोडी खरी सुटी होते ती अशा उदाहरणांत.

केळ्यात दोन्हीची गरज नाही. बिनबियांच्या कलिंगडाचं मात्र वेगळं. तेही त्रिगुणित. जपानच्या हितोशी किहारा यांच्या कामातून ते विसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आलं. त्याच्या मादी फुलावर पराग पडल्याशिवाय फळ धरत नाही, म्हणून शेतात मध्ये-मध्ये साध्या, बियांच्या कलिंगडाच्या ओळी लावाव्या लागतात. पराग पोहोचतो, अंडाशयाला वाढीची सूचना मिळते, पण फलन यशस्वी होत नाही. म्हणजे दुसऱ्या गटाने थॉमसनबद्दल दिलेलं उत्तर कलिंगडाला तंतोतंत लागू होतं! त्यांनी वर्णन बरोबर केलं होतं, फळ चुकलं होतं. हे सांगितलं तेव्हा त्या बाजूच्या बाकांवर जी कुजबुज झाली ती ऐकण्यासारखी होती.

थॉमसनमध्ये दोन्ही घडतं, बी मात्र पिकत नाही.

उरला चौथा कप्पा: कुक्षीवर पराग न पडता फलन. मुलांनी हा अशक्य म्हणून सोडून दिला होता. शेतात तो जवळजवळ अशक्यच आहे. पण दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये अफूच्या फुलातली बीजांडं काढून परीक्षानळीतल्या माध्यमावर ठेवली आणि परागकण थेट त्यांच्यावर टाकले. कुक्षी नाही, कुक्षीवृंत नाही. परागनलिका सरळ बीजांडात शिरल्या, फलन झालं, बीही तयार झाली. भारतातल्या प्रयोगशाळेत झालेलं हे काम पाठ्यपुस्तकातल्या याच जोडीला इतकं जवळचं आहे, की ते प्रत्येक वर्गात सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

साखळीतला दुसरा दुवा, परागनलिका, मुलांना दाखवायला द्राक्षाचे परागकण अवघड जातात. सदाफुलीचे सोपे. दहा टक्के साखरेच्या द्रावणाच्या थेंबात, चिमूटभर बोरिक ॲसिड विरघळवून, परागकण टाकून ठेवले की थोड्या वेळाने नळ्या फुटलेल्या दिसतात. शाळेचा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. बियांशी या नळीचं नातं मक्यावरून पटतं. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याचा लांबलचक कुक्षीवृंत. पराग केसाच्या टोकाकडे पडतो आणि नळीला तिथून दाण्यापर्यंत वीतभर खाली जावं लागतं. कणसात जिथे दाणा भरलेला नाही, तिथली साखळी कुठेतरी तुटलेली आहे.

जीएचं काय?

तिसऱ्या गटाचं म्हणणं पिशवीच्या प्रयोगाने खोटं ठरलं, असं म्हणून पुढे जाणं अन्यायाचं झालं असतं. ही मुलं जे बोलत होती ते घरच्या अनुभवातून. जीए न दिलेल्या थॉमसनचा मणी बारीक राहतो, घड दाट होतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही, हे त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांनी ‘मणी धरणं’ आणि ‘मणी फुगणं’ या दोन गोष्टी एकत्र केल्या होत्या. ही पुस्तकात नसलेली जोडी होती, आणि आमच्या भागात ती पुस्तकातल्या जोडीइतकीच महत्त्वाची आहे.

जिबरेलिक ॲसिडचा शोध लागला भाताच्या एका रोगातून. बुरशी लागलेली रोपं ताडमाड वाढायची. 1926 मध्ये जपानच्या एइची कुरोसावा यांनी दाखवलं की ही करामत बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्याची आहे. पुढे कळलं की जिबरेलिनं वनस्पती स्वतःही तयार करतात, आणि फळात ती करण्याचं एक मोठं ठिकाण म्हणजे वाढती बी. थॉमसनमध्ये बी लवकर मरते, हा पुरवठा तुटतो आणि मणी लहान राहतो. मणी बाजरी-ज्वारीएवढा असताना केलेलं डिपिंग ही तूट बाहेरून भरून काढतं.

हे त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना सांगितलं तेव्हा ते क्षणभर थांबून म्हणाले, “म्हंजी बीचं काम आमी बाटलीतनं करतोय म्हना की.” इतकं नेमकं वाक्य मला वर्गात सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं.

तरी मुलांचं मूळ वाक्य सगळीकडे खोटं नाही. जपानमध्ये डेलावेअर नावाची बियांची जात आहे. तिचे घड फुलोऱ्याच्या साधारण दोन आठवडे आधी जिबरेलिनात बुडवतात, त्यामुळे फलनाविनाच मणी धरतो आणि बी राहत नाही. फुलोऱ्यानंतर पुन्हा बुडवतात, ते मणी फुगवण्यासाठी. 1960 च्या सुमारापासून तिथे ही पद्धत व्यवहारात आहे. म्हणजे तेच औषध डेलावेअरवर आधी फलनाची जागा घेतं आणि थॉमसनवर फक्त मेलेल्या बीची.

पुन्हा चाचणी

फेब्रुवारीतल्या सराव चाचणीत मी ‘फरक स्पष्ट करा’ ठेवला नाही. विचारलं: मक्याच्या एका कणसात टोकाकडचे दाणे भरलेले नाहीत. साखळी कोणकोणत्या ठिकाणी तुटलेली असू शकते? प्रत्येक शक्यता तपासायला काय कराल?

बहुसंख्य मुलांनी निदान दोन शक्यता लिहिल्या: पराग पोहोचला नाही, किंवा पोहोचला पण पुढे दाण्याची वाढ थांबली. पाण्याचा ताण, उष्णता यांचाही उल्लेख होता. तपासण्याचा भाग कमकुवत राहिला. हाताने पराग देऊन पाहू, हे थोड्यांनाच सुचलं. आणि एक नवी अडचण दिसली. काही मुलांनी आता ‘फळाला फलनाची गरज नसते’ असं सरसकट लिहायला सुरुवात केली, म्हणजे केळ्याचा अपवाद त्यांनी नियम करून टाकला. त्यांना आंब्याकडे आणि मिरचीकडे परत न्यावं लागलं.

बोर्डाच्या परीक्षेत तक्ता लागतो, तो आम्ही आजही लिहितो. त्याच्या डोक्यावर मात्र आता एक ओळ असते: या दोघींचं नातं काय? परागीभवन-फलनाला मुलं ‘साखळीतले दुवे’ लिहितात. श्वासोच्छ्वास आणि श्वसन यांना दुसरंच उत्तर लागतं. एक छातीच्या भात्याचं काम, दुसरं पेशीतलं. मोड आलेली मटकी श्वासोच्छ्वास करत नाही पण जोरात श्वसन करते, भांड्याला हात लावला तर ऊब कळते. उलट सायनाइडच्या विषबाधेत छाती काही काळ हलत असते आणि पेशीतलं श्वसन तंतुकणिकेतल्या शेवटच्या पायरीवर अडलेलं असतं. इथे सुटं करण्याची युक्ती फार चांगली चालते.

विसरण आणि परासरण यांना ती चालत नाही. परासरण म्हणजे निवडक पारपटलातून पाण्याचं होणारं वहन, ते विसरणाच्या मोठ्या घरातलंच एक आहे. ‘एक आहे, दुसरं नाही’ असं उदाहरण एकाच दिशेने मिळतं. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो, ते विसरण आहे आणि परासरण नाही. पण बेदाणा पाण्यात टाकून फुगला, तर ते परासरण आहे आणि विसरण नाही, असं म्हणता येणार नाही. अशा जोडीचा तक्ता समोरासमोर मांडला की मुलांना त्या विरुद्ध वाटतात. तिथे एकात एक वर्तुळं काढणंच बरं.

जीनोटाइप आणि फिनोटाइपला आमची बांधाकडेची वेल पुन्हा कामी आली. ती आणि बागेतल्या बाकीच्या वेली एकाच डोळ्यापासून वाढलेल्या, डॉगरीज या दुसऱ्या द्राक्षवेलीच्या खुंटावर भरलेल्या, जनुकांनी एकसारख्या. एकीचा मणी बारीक आणि बाकीच्यांचा टपोरा, कारण जीए. जनुकं तीच, रूप वेगळं. याच्या उलट तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात. आपल्या तालुक्यातल्या बोरगावात थॉमसनच्या बागेतूनच ती निवडली गेली. तिथे फरक औषधाचा नव्हता, वेलीच्या आतला होता, म्हणून काडी दुसरीकडे लावली तरी तो टिकून राहिला.

यावर त्या मुलीने, सुरुवातीला बरोबर उत्तर देऊन गप्प बसलेल्या, विचारलं की बी न लावता नवी जात आली, तर त्यात अर्धगुणसूत्री विभाजन कुठे झालं? कुठेच नाही. ते विभाजन युग्मकं तयार होताना होतं. डोळ्यातल्या एखाद्या पेशीत बदल होतो, ती सूत्री विभाजनाने वाढत जाते, तिची फांदी होते, फांदीची काडी होते, काडीची बाग होते. युग्मकं आणि फलन या वाटेवर लागतच नाहीत. सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनाचा तक्ता आम्ही त्या दिवशी लिहिला नाही. मुलांनी आधी घरून प्रत्येकी एक डोळा भरलेली काडी आणि एक बियांचं फळ आणावं, असं ठरलं.